वेदीपुढचा भाऊ

साध्या वाक्यातून गहन अर्थ काढण्यात श्यामरावांचा हातखंडा होता. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी त्यांच्या भवानीपूरच्या घरी कलकत्त्यातली आठ-दहा मराठी मंडळी जमत आणि श्यामराव त्यांना ख्रिस्ताची वचनं उलगडून सांगत. ते ढोंग नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. पहाटे एखादं वचन मनात धरून बसले की त्यांच्या आतली ओढाताण खरोखरच थांबायची.

त्या रविवारचं वचन असं होतं: वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि आपण भावाला दुखावलंय हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी भावाकडे जा. श्यामराव म्हणाले, वेदी म्हणजे हृदय आणि भाऊ म्हणजे आपल्याच मनाचा दुरावलेला भाग. त्याला जवळ घेतलं की आत दोन उरत नाहीत. मंडळींनी माना डोलावल्या. त्यांची पत्नी वृंदा मात्र दाराकडे पाहत होती.

दारात दिनकर उभा होता, श्यामरावांचा सख्खा धाकटा भाऊ. बंगाली ख्रिस्ती मुलीशी लग्न करताना त्यानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून श्यामरावांनी त्याचं नाव टाकलं होतं. गेल्या साली, युद्धाच्या धामधुमीत, आई गेली. श्यामरावांनी तेरावं उरकल्यावर त्याच्या ऑफिसात निरोप ठेवला. आईचा एखादा फोटो दे, असं त्यानं उलट कळवलं, त्याला उत्तरही दिलं नाही.

"वहिनीनं सांगितलं, आज या वचनावर बोलणार आहेस," दिनकर म्हणाला. "मला वाटलं, बोलायच्या आधी माझ्याकडे येशील. सकाळपासून वाट पाहिली, दादा."

एवढं बोलून तो जिना उतरून गेला.

श्यामरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी चारचौघांत शोभा झाल्याची लाज वाटली. मग पहाटेची ती शांतता आठवली आणि तिचीही लाज वाटली. मनातल्या भावाला रोज मिठी मारून ते खऱ्या भावाकडे जायचं टाळत आले होते, आणि ते त्यांना गोडही लागलं होतं.

ते उठले. भिंतीवरचा आईचा फोटो हारासकट काढला आणि कुणाकडे न बघता तसेच अनवाणी खाली धावले. दिनकरची ट्राम निघून गेली होती. मागून दुसरी आली, तीत ते चढले. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं. सियालदह, ते म्हणाले; दिनकर तिकडंच कुठंतरी राहतो, एवढंच त्यांच्या कानावर होतं. सियालदहला नेमकं कुठं, हे कंडक्टरला सांगायची गरज नव्हती; पण मनातल्या मनात शोधू गेले, तर त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या स्टॉपवर ते उतरले आणि पायी मागे आले. मंडळी अजून तशीच बसली होती. फोटो छातीशी धरून ते दारातच थांबले.

"वृंदा," सगळ्यांच्या देखत त्यांनी विचारलं, "आपला दिनू राहतो कुठं?"