चमनचं आभाळ

“हे आभाळ कुणी काढलंय?” मुंबईहून आलेले पाहुणे प्रदर्शनातल्या भिंतीवरच्या वहीएवढ्या चित्रासमोर थांबले.

“आमच्या शिवमूर्ती सरांनी,” संयोजकांनी सांगून टाकलं.

शिवमूर्तीनं तोंड उघडलं. चित्र चमनचं होतं. दोघांनी एकाच सुताराकडून चौकटी करून घेतल्या होत्या, शेजारीशेजारी लावल्या होत्या आणि नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या राहिल्या होत्या. “चमनचं आहे,” एवढंच बोलायचं होतं. पण पाहुणे म्हणाले, “असं आभाळ मी पंचवीस वर्षांत पाहिलं नाही,” आणि शिवमूर्तीचे हात आपोआप जोडले गेले.

त्यानं मागं पाहिलं. दारात चमन उभा होता, दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. शिवमूर्ती शाळेत चित्रकलेचा मास्तर. चमन राजारामपुरीतला कुशनवाला, रिक्षांची हुडं आणि गाड्यांच्या सीटा शिवणारा. नऊ वर्षं दर रविवारी दोघं गारगोटी रस्त्यावरच्या माळावर जायचे आणि हार्डबोर्डच्या तुकड्यांवर तैलरंगात माळ नि आभाळ काढत बसायचे. तैलरंग कसे लावायचे हे चमनला शिवमूर्तीनंच शिकवलं होतं. पण ढग सरकला की शिवमूर्तीचा ब्रश अडायचा आणि चमनचा पळायला लागायचा. ते आपल्याला जमत नाही, हे मास्तरला पुरतं ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी चमन आला नाही. सणाची गिऱ्हाइकं असतील, अशी शिवमूर्तीनं मनाची समजूत घातली. उद्या जाऊन बोलू, म्हणाला. तेवढ्यात पाहुण्यांनी चित्र मुंबईला नेलं, शाळेनं शाल-श्रीफळ दिलं आणि बोलणं आणखी अवघड होऊन बसलं. कुणी “तसलं एक आभाळ आम्हालाबी द्या की सर,” म्हटलं, की तो वेळ नाही म्हणायचा. माळावर जाणं सुटलं. राजारामपुरीत काम निघालं तर तो चमनची गल्ली टाळून जायचा. अशी अकरा वर्षं गेली.

निवृत्तीच्या समारंभात मुख्याध्यापकांनी पुन्हा त्या आभाळाचं कौतुक केलं. टाळ्या झाल्या. शिवमूर्तीला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो चमनच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

चमनची दाढी पांढरी झाली होती. मशीन न थांबवता तो म्हणाला, “बोला पावणं, सीट हाय का हूड?”

“चमन, मी हाय. त्या दिवशी मी बोलाय पायजे होतं.”

मशीन थांबलं.

“मी दारातच हुतो की,” चमन म्हणाला. “म्हटलं, आता बोलंल, मग बोलंल. च्या गार झाला, शिवा.”

“माझं चुकलं. माझ्यामुळं तू चित्रं सोडलीस.”

“कुणी सांगितलं? चित्रं न्हाय सोडली. तुज्यासंगं काढायचं सोडलं.” त्यानं हातातल्या कात्रीनं वर पोटमाळ्याकडं दाखवलं.

रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागं हार्डबोर्डची चळत छताला टेकली होती. शिवमूर्तीनं स्टुलावर चढून एकेक तुकडा काढला. काळवंडून आलेलं आभाळ, वाऱ्यानं विस्कटलेलं, उन्हं उतरताना तांबूस झालेलं. अकरा वर्षांचे रविवार होते ते. त्यातला एकही त्याच्या वाट्याला आला नव्हता.

खाली उतरून त्यानं विचारलं, “या रविवारी येऊ?”

चमननं सुईत दोरा ओवला. “आभाळ काय माझ्या बाचं हाय? ये की. पर लांब बस.”

रविवारी शिवमूर्ती माळावर गेला. चमन आधीच येऊन कामाला लागला होता. शिवमूर्ती त्याच्यापासून एक शेत सोडून बांधावर बसला. तिथून चमनचं चित्र दिसत नव्हतं. त्याची पाठ आणि भराभर हलणारं कोपर तेवढं दिसत होतं.