गुणाबाईच्या बांगड्यांची भिंत

पहिला दगड गुणाबाईच्या कपाळावर बसला, तेव्हा शंभरेक माणसं "चांगभलं!" म्हणून ओरडत होती. खासबागेतल्या आमच्या गल्लीच्या बागेची भिंत म्हणे रक्त ओकत होती!

ही भिंत आम्हीच सजवलेली. बागेच्या जागी पूर्वी विणकर सूत वाळवायचे, मग विहीर आली, मग घसरगुंडी. हा सगळा इतिहास फुटक्या फरशा नि कपबश्या चिकटवून चितारायचा, असं गल्लीनं ठरवलं. घरोघरचे तुकडे आले. गुणाबाईनं हिरव्या बांगड्या दिल्या, नवरा गेला त्या दिवशी बायकांनी फोडलेल्या. त्यांचंच तिनं मागावरच्या विणकरणीचं लुगडं केलं. त्याच्या फटींत तिनं सिमेंट भरलं ते दगड पडला त्याच सकाळी. बाकीची भिंत दिवाळीतच पुरी झाली होती.

दुपारी कल्लाप्पा महाराज अवतरले. हातात भंडाऱ्याच्या पाण्याची कळशी.

"भित बोलंल! पाप आसंल तिथं रगात दावंल!"

जुन्या भागावर त्यांनी पाणी मारलं. पिवळं ते पिवळंच राहिलं. मग हिरव्या लुगड्यावर मारलं आणि फटीफटीतून लालभडक ओघळ उतरले.

"नवरा खाल्लेलीच्या बांगड्या ह्या! भित पाडा, हिला गल्लीतनं हाकला, आन हितं माझी गादी मांडा. न्हायतर वर्साच्या आत धा कुकवं पुसतील!"

बघा, शाप देतानाही बसायच्या जागेची सोय विसरले नाहीत!

दगड शेजारच्या बायाक्कानं मारला होता. गल्लीतल्या ओमकारनं गुणाबाईला झिंज्या धरून फरफटवलं, कुणी कमरेत लाथ घातली. ती रक्तानं मिटलेल्या डोळ्यांनी उठली आणि पुन्हा भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"मला मारा, पर भितीला हात लावू नगा."

ओमकारनं घण उचलला. तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, आणि या गर्दीतले निम्मे माझेच विद्यार्थी! माझं डोकंच फिरलं. मी घणासमोर जाऊन उभी राहिले. बायाक्काच्या हातात दुसरा दगड होता.

"बायाक्का, मारायच्या आधी एवढं सांग. लेकाच्या हळदीचं लुगडं परवा धुतलंस?"

"धुतलं की, बाई."

"साबण लावल्यावर डाग कसा झाला?"

"लाल... लालभडक हुतोय की." बोलता बोलता तिचा हात खाली आला.

"आणि भंडारा म्हणजे काय?"

"हळद," ती पुटपुटली.

"पळ, तुझा धुण्याचा साबण आण."

तिनं आणला. मी तो ओला करून महाराजांच्या भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या उपरण्यावर खसाखसा घासला. उपरणं सगळ्यांदेखत लाल झालं.

"आता सांगा, ह्या उपरण्यानं कुणाचा नवरा खाल्ला?"

मग मी सांगितलं, नव्या सिमेंटात चुन्याचा अंश असतो, साबणात सोडा असतो. दोन्हींनी हळद लाल होते. जुनं सिमेंट वाऱ्यापाण्यानं निवलेलं, म्हणून तिथं रंग बदलला नाही. महाराजांनी ताजी जागा बरोबर हेरली होती.

आता ओमकार घण घेऊन महाराजांवर धावला. गुणाबाईच ओरडली,

"ठिव रं खाली! एका दिसात दोनदा येडा हुतोस व्हय?"

महाराजांना आम्ही पोलिसांच्या हवाली केलं. गुणाबाईच्या कपाळाला सात टाके पडले.

चौथ्या दिवशी तिनं बायाक्काकडं कपाळावर बसलेला तोच दगड मागितला. बायाक्का हुंदके देत घेऊन आली. गुणाबाईनं तो विणकरणीच्या पायाशी सिमेंटात बसवला.

"बागंचा इतिहास हाय न्हवं? मग ह्यो बी ऱ्हाऊ दे."

बाबांनो, चमत्कार दिसला की आधी विचारा, यात कालवलंय काय? हात जोडण्याआधी विचारा, आणि दगड उचलण्याआधी तर विचाराच. हळदीचं पाणी कळायला शास्त्रज्ञ लागत नाही, धुणं धुणारी कुठलीही बाई ते सांगू शकते.

भिंतीवरचे ओघळ मी घासून काढले. दगडावरचा डाग मात्र गुणाबाईनं पुसू दिला नाही.