सदतीस अडीच साडेब्याण्णव

सातवीच्या गणिताच्या पेपरात माधवीने सदतीस गुणिले अडीचचं उत्तर लिहिलं, साडेब्याण्णव, आणि पुढच्या गणिताला लागली. मधली एकही पायरी नाही. हवी कशाला? बरकतपुऱ्याच्या घरी रोज दिवेलागणीला आजोबा एकनाथराव तिच्याकडून पावकी, निमकी, अडीचकीचे पाढे म्हणवून घेत. पाहुणे आले की नातीला उभी करायचे आणि स्वतःच माना डोलवायचे, जणू अडीचकी यांच्याच डोक्यातून निघाली.

श्रीधर सरांनी पेपरावर लाल शाईने लिहिलं, 'कॉपी'. शेजारणीचंही उत्तर तेच होतं.

"बरोबर उत्तरं सारखीच असतात ना, सर," माधवी म्हणाली. वर्ग हसला. तिथेच घात झाला. गणितातली चूक सर एकवेळ माफ करत, वर्गाचं हसणं नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबांना बोलावणं. सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "देखो अंकल, स्टेप्स नहीं मतलब कॉपी. 'कॉपी किया, सॉरी', इतना लिख दी तो ए सेक्शन में रहती. नहीं तो डी."

माधवीने आजोबांकडे पाहिलं. आता हे बोलणार. अडीचकी मीच शिकवली, म्हणणार.

पण एकनाथरावांची हयात सचिवालयात गेलेली. साहेब रागावले की आधी दिलगिरी, मग चूक कुणाची ते बघायचं.

"लिहून टाक, माधू. एका ओळीनं काय झिजतं?"

तिच्या कानशिलांतून जाळ निघाला. पेन असं दाबलं की कागद फाटला: सदतीस दुणे चौऱ्याहत्तर, सदतिसाचे निम्मे साडेअठरा, मिळून साडेब्याण्णव.

"ही घ्या स्टेप. सॉरी नक्को."

"डी सेक्शन," सर म्हणाले.

फाटकाबाहेर आजोबांनी स्कूटर सुरू केली. "बस मागे. केवढा तो संताप!"

"मी कॉपी केली?"

"छे! मला ठाऊक नाही का?"

"मला काय सांगता? त्यांना सांगा."

"आता जाऊ दे ना गं..."

"मग आजपासून अडीचकी तुमची तुम्ही म्हणा. पाहुण्यांसमोरसुद्धा!"

आणि ती तिथेच फुटपाथवर फतकल मारून बसली. येणारे-जाणारे पालक थबकून बघू लागले. एकनाथराव इकडे बघतात, तिकडे बघतात. शेवटी स्कूटर बंद केली, स्टँडवर चढवली, आणि शर्टाचं वरचं बटण लावत फाटकाकडे वळले.

"मोठ्यानं सांगा!" माधवी मागून ओरडली.