एका ओढीत

फिटरने चोक ओढला, डावा पाय पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीच्या मागच्या मुठीत रोवला, उजव्या हाताने स्टार्टरच्या दोरीची मूठ धरली, छातीभर श्वास घेतला आणि ओढली. दोरी हातभर आली, मधेच थबकली, आणि मग करवतीनेच फिटरला ओढलं.

मूठ सुटली ती बोटं चेचून. कोपर मागच्या फळीवर आदळलं. फळीवरचा नटबोल्टांचा डबा आधी डुगडुगला, त्याने जरा विचार केला, आणि मग तो फिटरच्या टकलावरून सगळ्या वर्कशॉपभर सांडला. उजव्या पायातली चप्पल खिडकीतून बाहेर गेली. ती का गेली हे फिटरला शेवटपर्यंत कळलं नाही.

"तुमची का हो ही?" बाहेरून शेजारणीचा आवाज आला. "आमच्या कुंडीत पडलीय."

दारात बायको चहाचा कप घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती ते तिने सांगितलं नाही.

"अहो, तुम्ही त्या मशीनला सुरू करताय, की ते तुम्हाला?"

"प्लग ओला झालाय."

"प्लग सोमवारी ओला होता. मंगळवारी पेट्रोल शिळं होतं. काल हवा दमट होती."

"मग आज काय त्याचं?"

"तेच विचारतेय. आज काय?"

फिटरने चेचलेली बोटं कपाभोवती धरली आणि चहा फुंकत बसला.

ही करवत साधीसुधी नव्हती. सव्वाशे सीसीची, म्हणजे रस्त्यावर पळणाऱ्या कित्येक मोटारसायकलींपेक्षा मोठ्या इंजिनाची, आणि फिटरच्या लग्नाआधीची. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या करवती तिच्यापुढे खेळणी. जंगलातली लाकूडतोड बंद झाली तेव्हा एका ठेकेदाराच्या गोदामात अशा दोन सापडल्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. एक फिटरने उचलली, दुसरी त्याचा जुना दोस्त वखारवाला याने. फिटरच्या वाट्याला आली तिच्या एअर फिल्टरमध्ये उंदरांचं घर होतं आणि पिस्टन सिलेंडरला असा चिकटला होता की दोघांनी एकमेकांना सोडायला साडेतीन आठवडे घेतले. दोन वर्षं फिटरने तिच्यावर काढली. घासली, धुतली, बेअरिंगं बदलली, टाकी झाळली, पत्र्याला मूळचा रंग दिला. ती सुरू झाली, छान चालली, आणि शहाण्या माणसाने तिथेच हात जोडले असते.

पण थांबायचं तिथे थांबेल तर तो फिटर कसला? त्याने धूर निघायचं तोंड कोरून रुंद केलं. सिलेंडरखालचं गॅस्केट काढलं. सिलेंडरचा तळ लेथवर घेऊन केसभर उतरवला, म्हणजे पिस्टन वर आला की हवेला पळायला जागाच उरू नये. अशा करवतीला दीडशे पौंडांचा दाब पुष्कळ होतो. फिटरच्या गेजने दोनशे दहा दाखवले. तो गेज घेऊन स्वयंपाकघरात धावला होता, मुलगा पहिला आल्यासारखा.

"छान," बायको म्हणाली होती. "पण एवढा दाब ओढायचा कुणी?"

तेव्हा फिटर हसला होता. मशीनचं वय विसरायला लावायच्या नादात तो स्वतःचं वय विसरला. तो सदुसष्ट वर्षांचा होता आणि त्याचा उजवा खांदा ऐंशीचा.

आता रविवार तीन दिवसांवर आला होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी वखारीच्या मागच्या अंगणात मोठ्या करवतींचं मंडळ जमायचं. सभासद पाच, करवती पाच, अहंकार मोजलेले नव्हते. मंडळाचा नियम सोपा. प्रत्येकाने सगळ्यांदेखत आपली करवत सुरू करायची आणि किती ओढी लागल्या ते मोठ्याने मोजायचं. तीन ओढी म्हणजे ठीक. दोन म्हणजे शाब्बास. एका ओढीत सुरू केली त्याला महिनाभर कुणी काही शिकवायला जायचं नाही. फिटरला गेल्या अकरा वर्षांत कुणी काही शिकवलेलं नव्हतं, पण ते आधीच्या करवतीवर; ती विकून झाली होती आणि ही मंडळात पहिल्यांदाच जाणार होती.

आणि दुसरा नियम होता बटणाचा. नव्या करवतींना सिलेंडरवर एक बारीक बटण असतं. दाबलं की थोडी हवा निसटते, दाब उतरतो आणि दोरी लोण्यातून आल्यासारखी येते. इंजिन पेटलं की बटण आपोआप वर उडतं आणि दाब पुन्हा पुरा. जुन्या करवतींना ते नसतं. मंडळातल्या ड्रॉइंग मास्तरांनी आपल्या करवतीला ते बसवून घेतलं त्या दिवशी फिटर उभा राहून म्हणाला होता, "मास्तर, बटण लावलंत, आता काजही करून घ्या." लोक पोट धरून हसले. बटणवाल्याची ओढ धरायची नाही, हा ठराव फिटरने मांडला आणि वखारवाल्याने अनुमोदन दिलं. तेव्हापासून मास्तर बटण मास्तर झाले. लग्नाच्या पत्रिकासुद्धा त्यांना त्याच नावाने येतात. मास्तरांनी ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. त्यांची ओढ कुणी धरत नाही, म्हणून इतरांच्या ओढी मोजायचं काम त्यांच्याकडे आलं.

शुक्रवारी बायकोचा भाऊ स्कूटरवरून आला. हा मेहुणा कुठल्याही अडचणीवर तोडगा काढायचा, आणि मग त्या तोडग्यावर दुसरा तोडगा काढायला माणूस शोधावा लागायचा.

"भावोजी, ताकदच हवी ना? मग ही माझी स्कूटर काय पूजेला ठेवलीय?"

फिटरला ते पटलं यावरून त्याची अवस्था कळावी. साखळी आधीच काढून ठेवलेली होती. करवत बाकड्यावरच्या शिकंज्यात घट्ट आवळली. दोरीची मूठ मेहुण्याने स्कूटरच्या मागच्या कॅरियरला बांधली.

"हळू घे रे," बायको म्हणाली.

"ताई, हळू घेऊन कुणाचं काय सुरू झालंय?"

मेहुण्याने गिअर टाकला. दोरी ताणली. करवत जागची हलली नाही, कारण ती शिकंज्यात होती. शिकंजा हलला नाही, कारण तो बाकड्याला होता. बाकडं मात्र कशालाच नव्हतं. ते चारी पायांवर निघालं, वर्कशॉपभर धडधडत गेलं, आणि दाराच्या चौकटीत आडवं बसलं. त्याबरोबर स्कूटर थांबली. मेहुणा थांबला नाही. तो हॅण्डलवरून पुढे गेला आणि शेजारणीच्या त्याच कुंडीत बसला, जिच्यात आदल्या दिवशी चप्पल पडली होती.

"आज माणूस पाठवलात होय?" शेजारीण म्हणाली.

दार बाकड्याने बुजलं होतं, म्हणून बायकोने खिडकीतूनच भावाला हळदीचं दूध दिलं. फिटर आतल्या बाजूला नटबोल्टांत बसून होता.

"एक बटण ते काय," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "लावलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"त्या मास्तरासारखं?"

"मास्तरांचा खांदा दुखत नाही."

"मी मंडळात तोंड दाखवू शकणार नाही."

"मग रविवारी घरी बसा."

फिटरने मान वर केली. रविवारी घरी बसायचं म्हणजे काय, हे त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ उमटलं की ती रिकामा पेला घेऊन आत गेली.

शनिवारी दुपारी ती जेवून आडवी झाल्यावर फिटरने वरच्या कप्प्यातून एक काडेपेटी काढली. तिच्यात कापसात गुंडाळलेलं एक बटण होतं. दोन वर्षांपूर्वी एका मेलेल्या करवतीतून काढून त्याने ते ठेवलं होतं. कशाला ठेवतोय, हे तेव्हा त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. त्याने सिलेंडर उतरवला. त्या सिलेंडरला भोक पाडायला जागा एकच होती, डावीकडे, थंडाव्यासाठी असलेल्या चकत्यांपैकी वरून तिसऱ्या आणि चौथ्या चकतीच्या मधे. एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर दोन वर्षं पाण्यात. त्याने भोक पाडलं, आटे पाडले, आतला कीस पेट्रोलने तीनदा धुतला, बटण बसवलं. मग कंपनीच्या नावाची पितळी पट्टी त्याच्यावर अशी बेताने ठोकली की पट्टी दाबली की बटण दबावं आणि बघणाऱ्याला फक्त पट्टी दिसावी.

ड्रिल थांबलं तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला, "मी झोपलेय हं. मला काही ऐकू आलं नाही."

रविवारी वखारीच्या अंगणात एक ओंडका आडवा टाकलेला होता, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. वखारीतल्या आरायंत्राखाली तो जात नव्हता, म्हणून वखारवाल्याने तो मंडळासाठी राखला होता. मास्तर खुर्चीवर बसले होते, मांडीवर बिस्किटांचा पुडा. बाकी दोघे सभासद कानांत कापसाचे बोळे घालून तयार.

फिटर वाकला. पट्टीवर अंगठा टेकवला, पत्र्यावरची धूळ पुसल्यासारखा. दोरी ओढली. करवत अशी गर्जली की वखारीच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उठली.

"एक," मास्तर म्हणाले.

मग फिटरने साखळी लाकडाला लावली आणि पुढची काही मिनिटं त्याला खांदा, वय, बटण काहीच आठवलं नाही. दोनशे दहा पौंड ओंडक्यात लोण्यात सुरी जावी तसे उतरत होते. पायांवर ओल्या लाकडाचा भुसा पडत होता, नखाएवढ्या जाड टवक्यांचा, त्याचा गोड वास येत होता. ओंडक्याची चकती सुटून खाली पडली तेव्हा त्याने करवत बंद केली आणि गॉगल वर केला. त्याचं तोंड हसण्यासाठी पुरत नव्हतं.

"दे इकडे," वखारवाला बाह्या सारत म्हणाला. "बघू तरी, दोन वर्षं काय केलंस ते."

फिटरचं हसू जागच्या जागी गोठलं.

"राहू दे. गरम झालीय."

"गरम करवत शेंबडं पोरही ओढेल. तुझं सोनं झिजतंय का?"

"अरे, उलटी मारते ती."

"माझा जन्म लाकडात गेलाय, लेका. मला कोण उलटं मारतंय?"

वखारवाला करवतीपाशी गुडघ्यावर बसला. बाही वर गेली तेव्हा मनगटावरची घट्ट पट्टी फिटरला दिसली, ती वखारवाल्याने तशीच बाहीत ढकलली. वखारवाला फिटरपेक्षा वर्षाने मोठा होता. बटणाशिवाय त्या दाबाने दोरी उलटी खेचली तर ते मनगट मास्तरांच्या मांडीवरच्या बिस्किटासारखं मोडणार, हे फिटरला आत्ताच, गेजवर वाचावं तितकं स्पष्ट दिसत होतं. आणि सांगावं तर पुढचा मोठा हशा त्याच्या नावाचा. बटण फिटर. पत्रिकांवर छापून येईल.

वखारवाल्याने दोरीची मूठ धरली.

फिटर दोन पावलं पुढे गेला.

"थांब रे," तो म्हणाला. "ऐक. तिला मी ब..."

वखारवाल्याचा डावा हात करवतीवर टेकला. त्याचा अंगठा पत्र्यावरून सरकला, डावीकडे, जरा मागे, तिसऱ्या आणि चौथ्या चकतीच्या वर, अंधारात घरातल्या दिव्याचं बटण सापडावं तसा, न बघता. पितळी पट्टीवर तो थांबला आणि त्याने दाबलं.

टक्.

दोरी अलगद आली. करवत गर्जली.

"एक," मास्तर म्हणाले.

वखारवाला करवतीकडे बघत होता. मग त्याने स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग त्याने फिटरकडे बघितलं. फिटर ओंडक्याच्या सालीकडे अतिशय बारकाईने बघत होता. बाकीचे दोघे टाळ्या वाजवत होते.

वखारवाल्याने करवत बंद केली, घसा साफ केला.

"मग आता तू माझी ओढ."

"तुझी?"

"का? भीती वाटते?" तो जरा थांबला. "फक्त पुढची मूठ डावीकडून धर. तिथे मी चामड्याचा पट्टा गुंडाळलाय. पकड चांगली येते."

फिटर दुसऱ्या जुळ्या बहिणीपाशी बसला. पट्टा मऊ होता, जुन्या पाकिटाचा असावा, आणि तो मुठीवरून उतरून पत्र्यावर चांगला चार बोटं आला होता. पकडीला एवढ्या चामड्याची गरज कुठल्याच हाताला नसते. पट्ट्याखाली वाटाण्याएवढा उंचवटा होता. फिटरने दाबला.

"एक," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज दिवसभर तेवढ्याच पट्टीत होता. त्यांनी पुड्यातून दोन बिस्किटं काढली आणि फिटर-वखारवाल्यापुढे धरली. दोघांनी निमूट घेतली.

ऊन ओंडक्यावरून सरकेपर्यंत त्या दिवशी कापणं चाललं. फिटर आणि वखारवाला कापलेल्या चकत्यांवर शेजारी शेजारी बसले, पाय भुशात सोडून.

"खांदा कसाय?" वखारवाल्याने विचारलं.

"ठणठणीत. तुझं मनगट?"

"ठणठणीत."

कबुतरं पत्र्यावर परत आली होती. निघायची वेळ झाली तेव्हा फिटर आपली करवत उचलायला वाकला. पातं आणि साखळीसकट सतरा किलो. आजवर त्या अंगणात कुणी कुणाच्या करवतीला उचलायला हात लावलेला नव्हता. त्याने पुढची मूठ धरली, तेव्हा मागची मूठ आधीच कुणीतरी धरलेली होती.

"तीन म्हटल्यावर उचलायची," वखारवाला म्हणाला. "एक, दोन..."

"तीन म्हणताना, की म्हणून झाल्यावर?"

"तुझा खांदा म्हणेल तेव्हा."