निघण्याआधी पोचलेली पॅकेटं

विद्यार्थ्यांनी आपल्याला 'थोडक्यात सर' असं नाव ठेवलंय हे सरांना माहीत नव्हतं. कळलं असतं तरी त्यांनी ते कौतुकच समजलं असतं. 'थोडक्यात सांगायचं तर' अशी सुरुवात करून पाऊण तास बोलायची विद्या त्यांना साधली होती. दुसरी विद्या त्याहून मोठी. पाच वर्षांपूर्वीच्या एका पेपरवर ते अजून जगत होते, आणि चांगले गुबगुबीत जगत होते.

त्या पेपरचं पोस्टर लॅबच्या दाराशेजारी काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. नेटवर्कमधून जाणाऱ्या डेटाची लहान लहान पॅकेटं कुठे तुंबणार हे आधीच ओळखून त्यांना दुसऱ्या वाटेनं वळवायची एक पद्धत सरांनी काढली होती. पॅकेट पोचायला लागणारा वेळ त्यामुळे चाळीस टक्क्यांनी कमी होतो, असा दावा होता. चाळीसचा आकडा लाल आणि एवढा मोठा छापला होता की जिन्यातून वर येणाऱ्याला आधी तो दिसे, मग लॅब.

सगळं काम सरांच्या लाडक्या विद्यार्थ्यानं केलं होतं. त्याला सगळे 'मानसपुत्र' म्हणत. पदवी घेऊन तो एका बड्या कंपनीत गेला होता आणि आता फक्त व्हिडिओ कॉलवर दर्शन द्यायचा. तेही गाडीत बसून.

आणि ती? तिला लॅबमध्ये काडी म्हणत. अंगानं काडी होती हे एक कारण. दुसरं असं की ती प्रश्न विचारायची, आणि या लॅबमध्ये प्रश्न विचारण्याला काड्या करणं म्हणत. पीएचडीचं तिचं चौथं वर्ष होतं. तीच पद्धत नव्या यंत्रांवर चालवून दाखवायची आणि 'पुढे न्यायची', हे सरांनी तिला दिलेलं काम. दीड वर्षं ती चालवत होती. चाळीस टक्के सोडाच, पाचच्या वर एकदाही गेली नव्हती.

"तुझ्या हातातच काहीतरी आहे," सर म्हणायचे. "थोडक्यात सांगायचं तर, आकडे आपणहून बोलत नसतात. त्यांना बोलतं करावं लागतं."

पोलीसही असंच म्हणतात, असं काडीच्या ओठांवर यायचं. ती गिळून टाकायची. सरांविषयी तिच्या मनात आता रागही उरला नव्हता. रागाला समोरच्याची काही किंमत धरावी लागते. हा माणूस संगणकाच्या कमांड लाइनला हात लावायला घाबरतो, प्रिंटर अडकला तरी हाक मारतो आणि बाहेर भाषणात 'आमच्या प्रयोगशाळेत आम्ही मोजलं' म्हणतो, हे तिनं रोज पाहिलं होतं. लॅबमधल्या बाकीच्यांविषयीही तिचं मत फार वेगळं नव्हतं. सरांनी विनोद करायच्या आधीच हसायला लागणारी ती माणसं.

शेवटी तिनं मानसपुत्राला कॉल लावला आणि मूळ डेटा मागितला. मोजणीच्या वेळी जसा आला तसा, न निवडलेला.

"तो कशाला हवाय?" त्यानं आरशात केस नीट करत विचारलं. "साफ केलेला आहे ना तुझ्याकडे?"

"कसा साफ केलास ते बघायचंय."

"अगं, नेहमीसारखाच. कचरा काढला. तू ना, उगाच खोलात जातेस. पदवी घे आणि बाहेर पड." आणि मग फार उदार होत तो म्हणाला, "जुन्या डिस्क मामांकडे असतील."

मामा म्हणजे वायरमामा. सर्व्हर रूमचा तंत्रज्ञ. केबल, रॅक, एसी, यूपीएस सगळं त्यांच्या अंगावर होतं आणि पेपरवर मात्र त्यांचं नाव कुठेच नसायचं. मामांनी लोखंडी कपाट उघडलं, सुटे पंखे आणि गुंतलेल्या वायरींच्या मागून एक डिस्क काढली, शर्टाच्या कोपऱ्यानं पुसली आणि तिच्या हातावर ठेवली. "फेकून द्या म्हणाले होते. मी कुठलीच डिस्क फेकत नाही."

डिस्कवर अकरा लाख नोंदी होत्या. प्रत्येक पॅकेट एका यंत्रावरून केव्हा निघालं आणि दुसऱ्यावर केव्हा पोचलं याच्या त्या वेळा. पोचल्याच्या वेळेतून निघाल्याची वेळ वजा करायची, झालं. काडीनं वजाबाकी केली आणि खुर्चीत मागे टेकली. तीन लाख सत्तर हजार पॅकेटं निघण्याआधीच पोचली होती.

मानसपुत्राच्या सफाईच्या प्रोग्रॅममध्ये यावर अगदी साधा उपाय होता, एका ओळीचा. उत्तर शून्यापेक्षा कमी आलं तर नोंद पुसून टाका. कोंबडं झाकलं की उजाडत नाही, असा त्याचा समज असावा.

घड्याळच चुकत असल्याशिवाय असं होणं शक्य नव्हतं, आणि पॅकेटं घेणारं यंत्र तेव्हा तिसऱ्या रॅकमध्ये होतं. ती तडक सर्व्हर रूममध्ये गेली. "मामा, तिसऱ्या रॅकमधल्या जुन्या मशीनच्या घड्याळाचं काही झालं होतं का?"

मामांनी यूपीएसवरची धूळ पुसणं थांबवलं. "म्हणजे शेवटी कुणीतरी विचारलं!" त्यांनी ड्रॉवरमधून नोंदवही काढली आणि पान उघडून दिलं. काडीनं ते उभ्यानंच वाचलं आणि मग खाली बसून पुन्हा वाचलं.

सगळा उलगडा झाला. जुन्या पद्धतीची मोजणी पहिल्या आठवड्यात झाली होती, तेव्हा दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळत होती. नव्या पद्धतीची मोजणी तिसऱ्या आठवड्यात. तोवर पॅकेटं घेणाऱ्या यंत्राचं घड्याळ मागे पडलं होतं. घड्याळच मागे म्हटल्यावर प्रत्येक पॅकेट लवकर पोचल्यासारखं दिसणारच. काही तर इतकी लवकर की निघालीच नव्हती. तेवढी पुसली आणि उरलेल्यांची सरासरी काढून चौकटीत लावली. पॅकेट जाऊन त्याची पोच परत यायला लागलेला वेळही डिस्कवर होता, आणि तो मात्र एकाच यंत्राच्या घड्याळात मोजलेला होता. काडीनं तो धरून नव्यानं हिशेब मांडला. तीन टक्के.

तिला हसू आलं आणि ते तसंच अर्ध्यावर राहिलं. तोच सफाईचा प्रोग्रॅम तिनंही दीड वर्षं वापरला होता. मानसपुत्राकडून आला तसा उचलून, आतली एक ओळ न वाचता. गेल्या वर्षी एका परिषदेत तिचा स्वतःचा छोटा पेपर छापून आला होता आणि त्यातली तुलना याच चाळीस टक्क्यांशी होती. ज्यांना ती मनातल्या मनात रोज शेलक्या शिव्या घालत होती, त्यांच्याच पंगतीत ती पाट मांडून बसली होती, आणि वर नाकानं कांदे सोलत होती.

रविवारी दुपारी आई मटार सोलत बसली होती. आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये तीस वर्षं तंत्रज्ञ होती. काडीनं तिला सगळं सांगितलं, घड्याळासकट.

"आमच्याकडे गोठलेलं रक्त आलं तर काय करतो आम्ही?" आई म्हणाली. "पेशंटला फोन करतो. तो शिव्या देतो. मग परत बोलावून परत सुई टोचतो."

"आणि चुकीचा रिपोर्ट आधीच गेला असेल तर?"

"मग जास्त शिव्या." आईनं एक किडका दाणा काढून बाजूला टाकला. "यात विचारायचं काय आहे? एवढं शिकलीस आणि हे मला विचारतेस?"

आईचा तो तुच्छतेचा सूर काडीला चांगला झोंबला. आपला सूर कुठून आलाय हेही तिला त्या क्षणी कळलं.

सोमवारी ती सरांच्या केबिनमध्ये गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना ते पेनचं टोपण काढत आणि घालत होते.

"थोडक्यात सांगायचं तर, याला आउटलायर म्हणतात. प्रत्येक डेटात चार आकडे वेडेवाकडे असतातच."

"सर, तीन लाख सत्तर हजार?"

"मोठा डेटा, मोठे आउटलायर." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज मऊ केला. "हे बघ, तुझ्याही पेपरात हाच डेटा आहे. पुढच्या वर्षी तुला प्रबंध द्यायचाय. बुडायचं असेल तर एकटं बुडता येत नाही, बाळा. सगळे बुडतात."

त्या 'बाळा'नं तिचा निर्णय सोपा केला. संध्याकाळच्या आत तिनं परिषदेच्या संपादकांना पत्र लिहिलं आणि स्वतःचा पेपर मागे घेत असल्याचं कळवलं. कारण दोन परिच्छेदांत स्पष्ट मांडलं, आणि 'सफाईचा प्रोग्रॅम मी न वाचता वापरला' हे वाक्यही त्यात ठेवलं. नोंदवहीच्या पानाचा फोटो जोडला. सरांच्या पेपरबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. गरजच नव्हती. तिचा पाया खोटा म्हटल्यावर तो पाया कुणाचा, हे संपादकांनी स्वतःच विचारलं.

महिन्याभरात सरांचा पेपरही मागे गेला. आणि सर? सरांनी कूस बदलली. विभागाच्या सभागृहात त्यांनी एक व्याख्यान ठेवलं. विषय होता 'संशोधनातील प्रामाणिकपणा'. विभागप्रमुख पहिल्या रांगेत, विद्यार्थी मागे. प्रोजेक्टर सांभाळायला मामा कोपऱ्यात उभे.

"आमच्या लॅबनं स्वतःची चूक स्वतः शोधली," सर म्हणाले. छातीवर हात ठेवून म्हणाले. "स्वतः होऊन जगाला सांगितली. थोडक्यात सांगायचं तर, याला धैर्य लागतं."

टाळ्या पडल्या. विनोदाआधी हसणाऱ्यांनी त्या जास्तच जोरात वाजवल्या.

"फार छान," विभागप्रमुख म्हणाल्या. "चूक नेमकी कुणाच्या लक्षात आली?"

"टीमच्या," सर म्हणाले.

काडी उभी राहिली. "मॅडम, टीम म्हणजे मी आणि मामा. मी दीड वर्षं आंधळेपणानं तोच प्रोग्रॅम वापरला. मामांनी मात्र पाच वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं. मामा, वाचता का?"

सरांनी हात वर केला. "त्याची आता काही गरज—"

"वाचू द्या की," विभागप्रमुख म्हणाल्या.

मामांनी पिशवीतून नोंदवही काढली, चष्मा लावला आणि हजेरी घ्यावी तशा सपाट आवाजात वाचलं. "नऊ तारीख. तिसऱ्या रॅकमधल्या मशीनचं घड्याळ मागे पडतंय. सरांना सांगितलं. सर म्हणाले, बघू. बारा तारीख. घड्याळ आणखी मागे. मोजणी थांबवायला सांगितली. सर म्हणाले, बघू. सोळा तारीख. सरांना पुन्हा सांगितलं. सर म्हणाले, तुम्ही वायरींचं बघा."

मग मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं आणि तिथून हसू पुढे पुढे येत गेलं. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता, तरी त्यांनी तो तोंडाला लावला.

यानंतर आकाश कोसळलं असेल, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं विद्यापीठ पाहिलेलं नाही. चौकशी समिती बसली, चहा प्यायली आणि उठली. सरांना दोन वर्षं नवे विद्यार्थी घ्यायला बंदी झाली. कामाचा व्याप कमी झाला म्हणून ते खूशच दिसत होते. मानसपुत्राला बढती मिळाली. मामांना विभागप्रमुखांनी प्रशस्तिपत्र दिलं. त्यांनी ते कपाटात डिस्कच्या खाली, ओल लागू नये म्हणून घातलं.

काडीनं गाईड बदलला. दीड वर्षाचं काम पाण्यात गेलं आणि चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी पुन्हा जवळजवळ दुसऱ्यात येऊन बसली. वेगवेगळ्या यंत्रांची घड्याळं एकमेकांपासून कशी ढळतात आणि ते मोजणी चालू असतानाच कसं पकडायचं, यावर ती आता काम करते. तिच्या पहिल्या नव्या पेपरवर तिसरं नाव मामांचं आहे. नाव घालू का विचारल्यावर मामा म्हणाले होते, "स्पेलिंग नीट घाल."

परवा तिला सरांचा ईमेल आला. विद्यापीठानं डेटाच्या गुणवत्तेवर एक समिती नेमली होती आणि अध्यक्ष म्हणून सरांना घेतलं होतं. 'माझ्या विद्यार्थिनीचा मला अभिमान वाटतो,' असं लिहून पुढे त्यांनी विचारलं होतं, उद्घाटनाच्या भाषणासाठी पंधरा-वीस स्लाइड करून देशील का?

काडीनं आधी एक लांबलचक उत्तर लिहिलं. ते चांगलं जमलं होतं, दोन ठिकाणी तर तिला स्वतःलाच मजा वाटली. मग तिच्या लक्षात आलं की हे वाचून सर दुखावणारही नाहीत, ते फक्त कुणाला तरी 'किती मनमोकळी आहे बघा' म्हणून दाखवतील. तिनं सगळं खोडलं, 'नाही' एवढंच लिहून पाठवलं आणि पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल घ्यायला उशीर होतोय म्हणून जिना उतरून गेली.