चार श्वास

आमच्या कंपनीत कुणाला काढत नाहीत, सरकवतात. काल राजा झालेला माणूस उद्या पडदा ओढतो, परवा तिकिटं फाडतो, आणि तरी तालमीला वेळेवर हजर असतो. बाहेरच्यांना याचं फार कौतुक. म्हणे, तुम्ही एका कुटुंबासारखे. कुटुंबात माणसाला कसं सरकवतात हे त्यांना ठाऊक नसावं.

मी बावीस वर्षं कामं केली. मग घशाच्या दुखण्यात आवाज गेला, मागच्या रांगेपर्यंत पोचेना, तेव्हा मला विंगेतल्या स्टुलावर बसवलं. प्रॉम्प्टर. नट अडला की हळूच वाक्य द्यायचं. या स्टुलाच्या पुढे सरकायला जागा नाही. पुढे घर.

आणि घरी कोण आहे? वरच्या मजल्यावर दादा, खालच्या मजल्यावर मी. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, कंपनीतला सगळ्यांत जुना नट. सगळे त्याला भाऊ म्हणतात. वहिनी गेल्यापासून त्याचा सकाळचा चहा माझ्याकडे असतो. वय एकाहत्तर, पण चहात साखर कमी पडली की चार वर्षांच्या पोरासारखं तोंड करतो.

तर या दादाचं गेल्या दोन महिन्यांत दोनदा अडलं. एकदा दुसऱ्या अंकात तिसऱ्या अंकाचं भाषण सुरू केलं. दुसऱ्यांदा अर्ध्या वाक्यात नुसता उभा राहिला, आणि मी तीनदा वाक्य दिलं तेव्हा कुठे गाडी पुढे गेली. बाईंनी, म्हणजे आमच्या दिग्दर्शिकेने, त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "भाऊ, आणखी एकदा झालं, तर भूमिका लांब्याला द्यावी लागेल. मला वाईट वाटतंय, पण द्यावी लागेल." लांब्या म्हणजे दादाच्या पोराच्या वयाचा नट. गुणी आहे. पण आमच्याकडे गुणाला तोटा कधीच नव्हता.

भूमिका म्हाताऱ्या बापाची. रागाने घराबाहेर काढलेली मुलगी अकरा वर्षांनी दारात येते. बाप तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, "आत ये." बस, दोन शब्द. नाटक त्या दोन शब्दांवर उभं आहे. दादाने ते काम सहा वर्षं केलं. ते गेलं असतं तर त्याच्याकडे पडदा ओढणं आलं असतं, आणि दादा पडदा ओढून जगणाऱ्यांतला नाही. हे बाईंना माहीत नव्हतं, मला होतं.

रविवारी दुपारचा प्रयोग होता. सकाळी चहाच्या वेळी मी पुस्तक घेऊन बसले आणि त्याच्याकडून सबंध नाटक म्हणवून घेतलं. एक अक्षर चुकला नाही. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या कपात दोन चमचे साखर घातली.

प्रयोग छान चालला होता. शेवटच्या अंकात मुलगी दारात आली. दादा वळला, तिच्याकडे बघितलं, आणि थांबला.

तो थांबतो, थोडा. पण हे थोडं नव्हतं. थिएटरात कुणी खोकेना. गेलं, मी मनात म्हटलं, गेलं सगळं. समोरच्या विंगेत बाई उभ्या होत्या, त्यांनीही मान पुढे काढली. आणि मी वाक्य दिलं.

"आत ये."

जो आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही म्हणून मला स्टुलावर बसवलं, तो त्या शांततेत मागच्या रांगेपर्यंत पोचला. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग पाच-दहा जण हसले. आणि तेव्हा मला दिसलं की दादाचा हात आधीच मुलीच्या दिशेने निघालेला होता. तो तसाच हवेत राहिला. मग त्याने ते दोन शब्द म्हटले, पण आता ते माझे होते.

पडदा पडल्यावर मी पुस्तक पुन्हा उघडलं. नटाला कुठे मुद्दाम थांबायचं असेल तर त्याने मला प्रयोगाआधी सांगायचं आणि मी त्या ओळीवर पेन्सिलीने खूण करायची, असा आमचा नियम. खूण असेल तिथे मी तोंड उघडत नाही. त्या ओळीवर खूण नव्हती. मला हायसं वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग साखरेचे दोन चमचे आठवले. आणि ते घालत असताना माझ्या पाठीमागून दादा काय बोलत होता ते आठवलं. "ठमे, दाराशी आज मी थांबणार आहे. चांगले चार श्वास. सहा वर्षांत पहिल्यांदा कळलंय मला तिथे काय करायचं ते. खूण कर." आणि मी म्हटलं होतं, "हो रे हो, चहा घे आधी."

सगळी कंपनी दादाच्या डोक्याकडे डोळे लावून बसली होती. मीही. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मेकअपरूममध्ये तो आरशासमोर चिकटवलेली दाढी काढत होता. मी दार लावून घेतलं.

"दादा, तू मला सांगितलं होतंस."

"काय?"

"थांबणार म्हणून. माझ्याकडून खूण राहिली. मी सांगते बाईंना."

त्याने दाढीचा अर्धा तुकडा ओढून काढला. गाल लाल झाला होता. "मी विसरलो होतो," तो म्हणाला.

"हात निघाला होता तुझा. मी बघितला."

"ठमे, अडलेल्या नटाला सगळे सांभाळून घेतात. चुकलेल्या प्रॉम्प्टरला कोण घेतं? उद्यापासून तुझ्या भरवशावर कुणी उभं राहील का?" मग चिडून म्हणाला, "विसरलो होतो म्हटलं ना. तो क्रीमचा डबा दे इकडे."

मी डबा दिला.

सोमवारी सकाळी तालमीच्या हॉलमध्ये सगळे गोल करून बसले. कुणाची भूमिका काढायची तर आमच्याकडे प्रत्येकाचा हात वर जावा लागतो, ज्याची जाते त्याचासुद्धा. एक हात खाली राहिला तरी विषय तिथेच थांबतो, मात्र खाली ठेवणाऱ्याने कारण सांगायचं. बाईंनी दोन वाक्यांत सगळं मांडलं. पहिला हात दादाचा वर गेला. मग एकेक करत सगळ्यांचे. कपडेपटवाल्या मावशींनी रडतरडत वर केला. राहिले मी.

दादा माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीकडे बघत होता. मी त्या क्षणी त्याचा विचार करत होते असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी सकाळी उठून कुठेच जायचं नाही अशा दिवसाचा विचार करत होते. खालच्या मजल्यावरची खोली, एक खुर्ची, एक रेडिओ. मी हात वर केला.

"सख्ख्या बहिणीनेही केला," कुणीतरी हळूच म्हणालं. त्यात कौतुक होतं. न्यायी बाई, असं.

मग दादाने भूमिका लांब्याच्या हवाली करायला घेतली. कुठे उभं राहायचं, काठी कुठल्या हातात, वळताना आधी खांदा की मान. कंजूषपणा केला नाही. दाराच्या जागी आला तेव्हा म्हणाला, "इथे लगेच बोलू नकोस. तिच्याकडे बघ आणि चार श्वास घे. तिला आत घेण्याआधी अकरा वर्षं आत येऊ देत."

बाईंनी वर बघितलं. "हे कधी ठरलं, भाऊ?"

मी पुस्तकात तोंड घातलं. आता, मला वाटलं, आता तो सांगेल.

"आत्ताच सुचलं," दादा म्हणाला.

लांब्याने करून बघितलं. वळला, थांबला. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा येत होता. चौथ्या श्वासाला त्याचा हात उचलला गेला आणि तो म्हणाला, "आत ये."

"बघा," बाई म्हणाल्या, "वाक्य पाठ असलं की माणसाला थांबताही येतं."

सगळ्यांत आधी टाळी दादाने वाजवली. मग सगळ्यांनी. मीही वाजवली.