घागरीतल्या बातम्या

बटाटे काढायचं काम कमरेचा जीव घेतं. त्या दिवशी तर माती अशी चिकट, की कुदळ मारली की अर्धं रान कुदळीलाच लटकून वर यायचं. शेजारची सून आणि मी सकाळपासून तिच्या रानात खणत होतो. निघत होते बोराएवढे बटाटे. तेवढ्यात किराणावाला बांधावरून ओरडत आला.

"टीव्हीचा लायसनवाला आलाय! घराघरात शिरतोय, फी नाही भरली त्याला दंड!"

झालं, गावात पळापळ सुरू. कुणी टीव्ही कणगीत घातला, कुणी कडब्याखाली. न्हाव्यानं तर पाळण्यात निजवून वर दुपटं टाकलं.

"वारा फुकट, अन् वाऱ्यावरून येणाऱ्या बातम्यांना पैसे?" किराणावाला तणतणला. "ज्याला गरज त्यानं भरावेत!"

"बघता तुम्हीच सगळ्यात जास्त," मी म्हटलं. तो आपला टीव्ही लपवायला पळाला.

सून मात्र हसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "आपल्याला कसली भीती, मावशी? आपला तर मेलाय. बंद टीव्हीला पैसे पडत नाहीत."

खरंच होतं. तिच्या घरातला टीव्ही गेल्या पावसाळ्यात वीज पडली तेव्हा जळला. त्याच पावसाळ्यात तिचा नवराही गेला. धरणाच्या बोगद्यावर कामाला होता, वरून दरड आली. सासू तेव्हा तापानं फणफणलेली, डोळे तर आधीच गेलेले. धक्का बसला तर म्हातारी हाती लागणार नाही, असं डॉक्टरनं बजावलं. आणि म्हातारीचा एकच घोष, "टीव्हीवर बोगद्याचं काय सांगितलं गं?"

मग काय करणार? मी टीव्हीमागं बसले, रिकाम्या घागरीत तोंड घातलं आणि शहरी बोलीत सांगितलं, बोगद्याचं काम लांबलं आहे, सर्व कामगार सुखरूप आहेत. ताप उतरला, पण बातम्या थांबवता येईनात. रोज संध्याकाळी सून तिचे पाय चेपायची आणि मी घागरीत बोलायची. पोरीला नवऱ्यासाठी रडायचं असलं की ती रानात जायची. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

लायसनवाला आला तेव्हा आम्ही चिखलाच्या पायांनीच घरी पोचलो. माणूस वाईट नव्हता. उन्हानं करपलेला, बुटाचा तळ सुटलेला.

"बंद आहे साहेब, जळलाय," सून दारातच हळू आवाजात म्हणाली.

पण आंधळ्याचे कान फार तिखट. म्हातारी खाटेवरून कडाडली, "बंद कसा? रोज संध्याकाळी बातम्या ऐकते मी! कालच सांगितलं, बोगद्यातली सगळी माणसं सुखरूप आहेत. माझा लेक आहे तिथं. खोटं कशाला बोलतेस गं? बातम्या देणाऱ्यालाही पोट असतं. टाक पैसे!"

लायसनवाल्यानं सुनेकडं पाहिलं. "चालू करून दाखवा."

नुसतं बटण दाबायचं होतं. काही उजळलं नसतं, काही वाजलं नसतं, आणि दंड टळला असता. सुनेनं हात पुढं केला. म्हातारी मान वर करून बसली होती, कान टीव्हीकडं. सुनेचा हात बटणापाशी थांबला आणि मागं आला.

"चालू आहे साहेब," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

तो टीव्हीमागं वाकला. काळी पडलेली वायर त्यानं बोटांत धरली. शेजारी घागर होती, तीही पाहिली. मग सुनेला अंगणात बोलावून म्हणाला, "बाई, बंद आहे एवढं म्हणा. मी आल्या पावली जातो."

"तिच्यासमोर म्हणावं लागेल?"

"बंद असल्याच्या कागदावर सही तिची लागेल. घर तिच्या नावावर आहे. तिला सांगून अंगठा घ्यावा लागेल."

"मग दंडच लिहा," सून म्हणाली.

शिव्या कुणाला द्यायच्या तेच कळेना. पैसा घरात कुठला? कोपऱ्यात बियाण्याच्या बटाट्यांची पोती होती, तेवढीच. किराणावाल्यानं ती पडेल भावात उचलली. कडब्याखाली टीव्ही पुरून आलेला मेला, भाव पाडताना त्याची जीभ अडखळली नाही. पुढच्या हंगामात त्या रानात काय लावायचं, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

संध्याकाळी म्हातारीनं हाक मारली, "लाव गं बातम्या."

मी टीव्हीमागं बसले. घागरीत तोंड घातलं. रिकामा कोपरा समोरच दिसत होता. सून पाय चेपत होती. शेवटी कसंबसं बोलले, "बोगद्याचं काम... अजून लांबलं आहे. सर्व कामगार सुखरूप आहेत."

म्हातारी समाधानानं हसली. सुनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बघ, पैसे भरले तर आवाज कसा लख्ख येतोय! इतके दिवस फुकटात ऐकलं, म्हणून घोगरा यायचा. लेक आला की त्याला सांगू, आपण भरले म्हणून."

"हो, आत्याबाई," सून म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला हातानं खूण केली, पुढं बोला.